बाळकृष्णाचा गुडघा

शुक्रवार, रात्री

आज म्हापशाचा बाजार. अष्टमी पुढच्या आठवड्यात, तेव्हा बाळकृष्णाला नवा पोशाख घ्यायचाच असं ठरवून गेले होते. दुकानात पाय टाकल्या टाकल्या पोराने विचारलं, ‘‘नंबर कितलो?’’ मला माझ्या चपलेचा नंबर ठाऊक, नवऱ्याच्या शर्टाचा ठाऊक. देवाचा कुठून ठाऊक असणार? त्याने शून्यापासूनचे सगळे नंबर पुढ्यात पसरले. झगमग नुसती. हे सगळं मथुरा-वृंदावनाकडच्या लड्डू गोपाळाच्या हिशेबाने शिवलेलं. त्यातही एकाच नंबरचे दोन पोशाख एकावर एक ठेवून पाहिले तर गळेसुद्धा जुळेनात. शेवटी अंदाजाने एक उचलला.

आमचा बाळकृष्ण आजेसासूबाईंच्या वेळचा, पितळी, जेमतेम साडेतीन इंच. डावा हात भुईला, उजव्या तळव्यात लोण्याचा गोळा, एक गुडघा टेकलेला, दुसरा उचललेला आणि मान वर. घरी येऊन पोशाख चढवला. गळ्यातून डोकं जाईना म्हणून मागची शिवण उसवली, तेव्हा कुठे बसला. घेर गोल, ताठ, जरीच्या गोट्याचा. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘ताचें धोंपर खंय गेलें गो?’’

गुडघा खरंच नाहीसा झाला होता. रांगणाऱ्या पोराचा गादीवर बसलेला शेठ झाला होता. पोशाख काढून परत पिशवीत घातला. दीडशे रुपये गेले.

शनिवार

गेल्या वर्षीचीही चूक लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा व्हायची नाही. मखमलीचा अंगरखा घातला होता आणि श्रावण सरला तरी अंगावरच राहू दिला. आपल्याकडच्या पावसात पापडसुद्धा डब्यात सादळतो, तिथे मखमल! काढली तेव्हा आतून बुरशीचा वास आणि बाळकृष्णाच्या गळ्याभोवती हिरवा कळक. भिंडाची सोलां, म्हणजे आमसुलं, भिजवून चोळली तेव्हा पितळ पुन्हा दिसू लागलं. अभिषेकानंतर नीट कोरडं न करता कपडा घातला, हे खरं कारण. गोळ्याखालच्या बोटांत, मांडीच्या बेचक्यात पाणी राहतंच. आता अंग पुसल्यावर कापसाची वात फिरवून तेवढ्या जागा टिपून घेते.

दुपारी मापं घेतली. टेप निरुपयोगी, त्याची जाडीच बोटभर वाटते. शिवणाचा दोरा घेतला, जिथे माप संपेल तिथे गाठ मारली. मानेभोवती दोन इंच, डोक्याभोवती मुकुटासकट चार. म्हणजे डोक्यावरून घालायचं काहीही बसणार नाही, बसलं तर गळ्याशी लोंबणार. आणि पितळेचा हात काही वाकत नाही, त्यामुळे बाहीही मागून उघडी हवी. हे सगळं वहीत मांडल्यावर लक्षात आलं, आपल्याकडे असं कापड शेकडो वर्षं आहेच की! झबलं. मागे उघडं, बांधायला बंद असलेलं. पोर हात वाकवत नसतं तेव्हाही ते घालता येतं, हे कुठल्याशा आजीने केव्हाच शोधून ठेवलंय.

कापडाचा प्रश्न मात्र अवघड. माझी जुनी सुती साडी मऊसूत आहे, पण वापरलेलं देवाला चालत नाही. कोरं कापड खळीमुळे ताठ उभं राहतं. कपाटात माशेलच्या देवळातून प्रसाद म्हणून मिळालेला एक खण निघाला, अस्सल सुती. हल्ली ओटीत येतात ते बहुतेक नायलॉनचे, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहणारे. हा मात्र राहिला होता. माशेलला कृष्णासोबत देवकीची पूजा होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आईच्या खणाचं झबलं पोराला नाही तर कुणाला?’’ कापडाचा प्रश्न मिटला. खण रात्रभर पाण्यात भिजत घातला, खळ निघून जाऊ दे.

रविवार

पहिलं झबलं फसलं. सवयीने शिवणीच्या आत अर्धा इंच माया ठेवली. माणसाच्या ब्लाउजला अर्धा इंच कळतही नाही, इथे ती आत गोळा होऊन बाळकृष्णाला पोट सुटलं. दुसऱ्यांदा माया अगदी कमी ठेवली. गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावली, ती मानेच्या वळणावर आपसूक बसते. उचललेल्या गुडघ्याच्या बाजूला खालचा काठ तिरका कापला.

शिवत बसले तेव्हा सासूबाईंनी आणखी एक मुद्दा काढला. देवळात देवीला शिवलेलं घालतात का? साडी नेसवतात. पूजेतही स्नानानंतर सातवा उपचार वस्त्राचा. त्या रोज कापसाचं वस्त्र वाहताना ‘कार्पासनिर्मितं वस्त्रं समर्पयामि’ म्हणतात, त्याला ना माप, ना नंबर. कुठल्याही देवाला बसतं. मी म्हटलं, आई, मग मी सुई ठेवून देऊ? ‘‘झबलं राहू दे,’’ म्हणाल्या, ‘‘पण कमरेला शिवलेलं नको.’’ मग उरलेल्या पिवळ्या सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी काढली. त्यांनी स्वतः ती पितांबर म्हणून कमरेला वेढली, दोन्ही पायांमधून मागे नेली आणि खोचली. टेकलेला गुडघा अर्धा झाकला गेला, उचललेला उघडा राहिला. टाचणी लागली नाही.

सत्तर वर्षांच्या बोटांना दिसत नाही म्हणतात, पण निऱ्या मला कधी तशा जमायच्या नाहीत.

सोमवार

सकाळी पुन्हा घालून पाहिलं. समोरून छान. सासूबाईंनी मूर्ती फिरवून पाठ पाहिली, मी मारलेली गाठ सोडली आणि सुरगाठ मारली. अष्टमीच्या रात्री बाराला पाळण्यात घालताना ओढलं की सुटली पाहिजे, झोपलेलं पोर कोण उठवणार!

गाठींचा दोरा हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलाय. म्हापशाच्या त्या पोराने नंबर विचारला तर आता तोच पुढे करेन.