प्रोसेसर बदलला, मदरबोर्ड तोच ठेवला

दिवाळीच्या बोनसमधून आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि त्याच रात्री काउंटर स्ट्राइक २ लावलं. चित्र सुरेख दिसायला लागलं, पण अडखळणं होतं तसंच राहिलं. धुराचा गोळा फुटून समोरून दोघं-तिघं एकदम आले की गेम क्षणभर थबकायचा, आणि तेवढ्यात आपण बाद. नाशिकहून खेळणारा धाकटा भाऊ हेडफोनवर विचारायचा, "दादा, होतास कुठे?"

बाकीचं मशीन २०१९ मध्ये जोडलेलं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम.

नेमकं अडतंय कुठे हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पैसे काढण्याआधी हे प्रत्येकानं करावंच, असं मला मनापासून वाटतं. आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून खेळताना कोपऱ्यात आकडे दिसतील असं केलं. ग्राफिक्स कार्ड ५५-६० टक्क्यांवरच रेंगाळत होतं. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डावरचं ओझं निम्म्याहून कमी झालं, तरी दर सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, तेवढ्याच, ११० च्या आसपास. कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं, हे तिथेच कळलं.

यात एक आकडा फसवा असतो. प्रोसेसरचा एकूण वापर ६० टक्केच दिसत होता, त्यामुळे त्याच्यावर संशय जात नाही. बाराही थ्रेडचे, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामांच्या वाटांचे, आकडे वेगवेगळे लावले तेव्हा दोन थ्रेड ९५ च्या वर सापडले. गेमचा मुख्य भार मोजक्या थ्रेडवर असतो. बाकीचे मोकळे असले तरी तो भार वाटून घेऊ शकत नाहीत.

शनिवारी डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्या दुकानात सांगितलं, "सर, हे जुनं झालं. बोर्ड, रॅम, प्रोसेसर, सगळंच नवीन घ्या." हिशेब पस्तीस हजारांच्या वर गेला. नवा एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) घेतला तर नव्या पिढीची डीडीआर५ रॅमही घ्यावीच लागते, ते खरं. पण माझ्या बोर्डावरचा एएम४ सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत तोच आहे. चांगला चालता बोर्ड काढून टाकायला माझं मन होईना. पुढच्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलानं आधी बोर्डाचं मॉडेल विचारलं आणि लगेच म्हणाला, "बायोस अपडेट केलंय का? नसेल तर हा लावून डिस्प्ले येणार नाही." बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डातच साठवलेलं सॉफ्टवेअर. प्रोसेसर मी त्याच्याकडूनच घेतला. रायझन ५ ५६००, साडेनऊ हजारांना, खोक्यात कूलरसकट.

भावानं फोनवर विचारलं, "अरे, यालाही सहाच कोअर आणि बाराच थ्रेड. मग फरक काय?" फरक आत आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग. २६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटातली माहिती हवी असेल तर फेरा पडतो, आणि गेमला असे फेरे जाचतात. ५६०० मध्ये साही कोअर एकाच गटात असून ३२ एमबी कॅश सगळ्यांची सामायिक. शिवाय एकेका कोअरचा वेगही जास्त. ९६ एमबी कॅशवाल्या ५७००एक्स३डी वरही माझा डोळा होता, पण तो बजेटच्या बाहेर, आणि त्याच्यासोबत कूलर येत नाही.

रविवारी सकाळी आधी बायोस. ५६०० आला २०२२ मध्ये आणि माझं बायोस होतं २०१९ चं. त्याला हा प्रोसेसर ओळखताच आला नसता. म्हणून हे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकायचं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकापुढे किमान कोणती आवृत्ती लागते ते दिलेलं असतं. फाइल फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घेतली. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर बोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं. चार-पाच मिनिटं ती पट्टी पुढे सरकत होती. आईलाही सांगून ठेवलं होतं, तोवर मिक्सर लावू नकोस.

त्यानंतर कूलर. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड सैलसर असते. पाच वर्षांत प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट सुकून डिंकासारखी घट्ट होते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. हे वाचलेलं होतं, म्हणून आधी वीस मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम केली, मग मशीन बंद केलं. चारही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे सैल केले. कूलर डावीकडे-उजवीकडे पिळत राहिलो. एका क्षणी 'टक्' झालं आणि तो हातात आला. उलटा करून पाहिला तर तळाला प्रोसेसर चिकटलेला! काळजात धस्स झालं.

हेअर ड्रायरनं कूलरचा तळ तापवला आणि दातांत घालायचा फ्लॉसचा दोरा मधून करवतीसारखा फिरवला, तेव्हा प्रोसेसर सुटला. एका कडेच्या दोन पिना वाकल्या होत्या. अर्धा मिलिमीटरच्या पेन-पेन्सिलमधली शिसं काढून टाकली, तिचं रिकामं टोक पिनेवर चढवलं आणि केसभर केसभर सरळ करत आणली. शेजारच्या पिनांच्या रांगेत डोळा लावून बघायचं, पुन्हा जरा ढकलायचं. पाऊण तास लागला. सॉकेट शाबूत होता.

नवा बसवणं सोपं. खटका वर, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवायचा, प्रोसेसर आपल्या वजनानं आत बसतो. दाबायचा नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर एफटीपीएम (सुरक्षेच्या चाव्या जपणारी प्रोसेसरमधली सोय) बदलल्याचा संदेश आला आणि वाय किंवा एन विचारलं. विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर मी आदल्या दिवशीच बंद करून ठेवलं होतं, म्हणून बिनधास्त वाय दाबलं. ज्यांचं चालू असेल त्यांनी त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. बायोस अपडेटनंतर रॅमचा वेग २१३३ वर घसरला होता. रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी एक्सएमपी सेटिंग पुन्हा लावून तो ३२०० वर नेला. जुन्या प्रोसेसरवर ही रॅम २९३३ च्या पुढे स्थिर राहतच नव्हती.

त्याच मॅपवर फ्रेम आता १९० च्या आसपास. पण सरासरीपेक्षा मला खालचा आकडा मोलाचा वाटतो. पूर्वी धुरात ५० पर्यंत कोसळायचं, आता ११० च्या खाली जात नाही. ग्राफिक्स कार्ड ९० टक्क्यांच्या वर कामाला लागलंय. सोबतच्या कूलरवर तापमान ७२-७५ अंश.

सरळ केलेल्या पिनांचा २६०० मी नाशिकला नेला. भावाचा बोर्डही एएम४, त्यावर चार कोअरचा रायझन ३ १२०० होता. त्याच्या टेबलावर कॅबिनेट आडवं करून दोघांनी मिळून तो बसवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला, काही सेकंद पडदा काळाच होता, मग बोर्डाचा लोगो उमटला. त्या रात्री आम्ही एकाच खोलीत बसून दोन वाजेपर्यंत खेळलो.