फिल्म कोरी निघाली? आधी कडा बघा

घरी धुतलेली फिल्म कोरी निघाली की सगळे आधी डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलला, शिव्या घालतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी जुना पेंटॅक्स के१००० कॅमेरा परत बाहेर काढलाय. त्यांची पहिलीच फिल्म धुतली, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पारदर्शक. "अगं, पावडर जुनी असेल," काका म्हणाले. मी फिल्म खिडकीसमोर धरली. कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे ठसठशीत काळे! ती अक्षरं कारखान्यात प्रकाशाने उमटवलेली असतात, पण दिसतात ती आपल्याच डेव्हलपरमुळे. म्हणजे केमिकल ठणठणीत. फिल्मला उजेडच मिळाला नव्हता. "काका, फिल्म कॅमेऱ्यातल्या गुंडाळायच्या स्पूलमध्ये अडकलीच नसणार. पुढच्या वेळी लिव्हर ओढताना डावीकडचा रिवाइंड नॉब फिरतो का, तेवढं बघा." अक्षरंही गायब असती तर डेव्हलपर मेलेला, नाहीतर फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) आधी ओतलेला.

नेरुळात खरा छळ तापमानाचा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंघोळीलाही गरम वाटतं, आणि डेव्हलपिंगच्या तक्त्यातली वेळ असते २० अंशांची. एचपी५ प्लस या फिल्मला डी-७६ डेव्हलपरमध्ये (१:१, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून) २० अंशांवर ११ मिनिटं. मी २० चा हट्ट सोडलाय. २४ वर धुते, आठेक मिनिटं. त्याहून गरम झालं की वेळ आखडते, आणि पाच मिनिटांच्या खाली गेली की फोटोतल्या आकाशात पट्टे येण्याची भीती. म्हणून बादलीत बर्फाचं पाणी आणि त्यात सगळ्या बाटल्या एकत्र, म्हणजे सगळ्यांचं तापमान एकच, शेवटच्या धुण्याच्या पाण्याचीसुद्धा. ती हमखास राहते. हल्लीच्या फिल्म तापमानातला फरक बऱ्यापैकी सोसतात, पण परीक्षा कशाला बघा?

पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणारी पिशवी, तिच्यात हात घालून फिल्म टँकच्या रिळावर चढवायची) हात घामेजतात आणि प्लास्टिकच्या रिळावर फिल्म अर्ध्यात अडकते. तेव्हा जोर लावायचा नाही. फिल्म दुमडली की निगेटिव्हवर चंद्रकोरीच्या आकाराचा डाग कायमचा. फिल्म आणि रीळ टँकमध्ये टाकून झाकण घट्ट लावायचं, हात बाहेर काढून पुसायचे, मग पुन्हा सुरुवात. मी तर बेडरूममध्ये एसी लावूनच बसते (घरचे कुरकुरतात, कुरकुरू देत). रीळ कोरडंठाक हवं, आणि अधूनमधून जुन्या टूथब्रशने घासलेलं.

फिल्म दुधाळ दिसली तर घाबरू नका, फिक्सर थकलाय. ताज्या फिक्सरमध्ये परत टाका, दिवा चालू असला तरी चालतं. दर वेळी सुरुवातीला फिल्मच्या जिभेचा (सुरुवातीच्या टोकाचा) कापलेला तुकडा फिक्सरमध्ये टाकून बघायचा. तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्यायचा. तुकड्याला नव्या फिक्सरमध्ये लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला की तो फिक्सर बाद.