धबधबा गोठतो, समुद्र गोठत नाही

आपल्याकडे धबधबा म्हणजे पाऊस. जून सरता सरता आंबोली, ठोसेघर, देवकुंड जागे होतात आणि दिवाळीनंतर पाणी ओसरत जाऊन कातळ उघडा पडतो. हेच गणित डोक्यात घेऊन पाच वर्षांपूर्वी मी नॉर्वेत, बर्गनला राहायला आले. बर्गनला पाऊस बारमाही, म्हणजे धबधबेही बारमाही असणार, असं धरून चालले होते. पहिल्याच फेब्रुवारीत कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन हार्डांगर भागातल्या व्होरिंग्सफॉसेनला गेले. १८२ मीटर उंचीचा धबधबा! कठड्यावरून खाली डोकावले, तर दरीत बर्फाचे निळसर खांब उभे आणि त्यांच्या मधून पाण्याची एक बारीक धार. आवाज जवळजवळ नाहीच.

वर पठारावर सगळं गोठलेलं, मग खाली पाणी येणार कुठून? तिथलं बर्फ मे-जूनमध्ये वितळतं, तेव्हा हे धबधबे भरात येतात. शिवाय व्होरिंग्सफॉसेनचं पाणी वीजनिर्मितीसाठीही वळवलंय. उन्हाळ्यात सेकंदाला किमान १२ घनमीटर पाणी धबधब्याला सोडायचंच, असा नियम आहे. हिवाळ्यात ते बंधन नाही. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करायला जातं हे लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे हे चटकन समजलं.

त्या दिवशी फोटो काढला तो पाण्याचा नाही, बर्फाचा. जाड बर्फ प्रकाशातला लाल रंग शोषून घेतं, म्हणून ते आतून निळं दिसतं. मात्र कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्याला राखाडी समजतं आणि चित्र काळवंडून टाकतं, म्हणून एक्सपोजर एक स्टॉप वाढवावं लागतं, म्हणजे प्रकाश दुप्पट आत घ्यावा लागतो. नव्याने बर्फात फोटो काढणाऱ्यांना मी हे सगळ्यात आधी सांगते. वाहत्या पाण्याला अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं की मला पुरतं. तीस-तीस सेकंद ठेवून पाण्याचा कापूस करणारे फोटो मला पटत नाहीत. त्यात पाण्याचं वजनच उरत नाही.

धबधबे असे निजलेले असतात म्हणून आता हिवाळ्यात मी उत्तरेला, लोफोतेन बेटांवर जाते. बोडोहून बोटीने साडेतीन-चार तासांत मोस्केनेस, आणि तिथून रायने गाव अगदी जवळ. आर्क्टिक वृत्ताच्या वर असूनही हा समुद्र गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह इथवर पोहोचतो. डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पांढरे, पायथ्याशी लाल रंगाच्या कोळ्यांच्या खोपी आणि पुढ्यात काळंशार, हलतं पाणी. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. तो परतल्यावरही नुसता डोंगरांच्या कडेने तिरका सरकत जातो. आपल्याकडे संधिप्रकाश बघता बघता संपतो. इथे तो तासन् तास रेंगाळतो. आधी गुलाबी, मग जांभळा, मग इतका निळा की बर्फसुद्धा निळं होतं.

उत्ताक्लैवच्या किनाऱ्यावर गोल, शेवाळलेले धोंडे आहेत. लाट परत फिरताना त्यांच्यामधून फेसाच्या रेघा ओढत जाते आणि त्या रेघा टिपायला शटर नेमकं ती मागे वळताना दाबावं लागतं. गेल्या जानेवारीत एका मोठ्या लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली आणि ट्रायपॉड कलला. कॅमेरा वाचला, पण लेन्सवर खारं पाणी उडालं आणि पुसेपर्यंत गोठायला लागलं. तेव्हापासून ट्रायपॉडचे पाय वाळूत वीतभर रोवल्याशिवाय मी हात सोडत नाही. जास्तीच्या बॅटऱ्या स्वेटरच्या आत, अंगाच्या उबेत ठेवते. थंडीत त्या अर्ध्या वेळातच मान टाकतात. आणि घरात शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करते, म्हणजे दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

पण लोफोतेनमधला माझा सगळ्यात आवडता फोटो ना डोंगराचा, ना लाटेचा. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासे अंडी घालायला इथे येतात. त्यांची डोकी काढून, शेपट्यांशी दोन-दोन बांधून, लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. फेब्रुवारी ते मे नुसता गार वारा आणि अधूनमधून ऊन, एवढ्यावर ते लाकडासारखे कडक वाळतात. मग बराचसा माल इटलीला जातो आणि डोकी नायजेरियाला. मार्चमध्ये त्या मांडवाखाली उभी राहिले तेव्हा वर हजारो मासे वाऱ्यावर एकमेकांवर आपटत होते, टकटक टकटक. आणि तो वास! माझं गाव अलिबागजवळचं. बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील बघत मी मोठी झाले. कॅमेरा काढायच्या आधी बराच वेळ मी तिथे नुसती उभी होते.

संध्याकाळी तो फोटो आईला पाठवला. मागे बर्फाने भरलेला डोंगर, पुढे माशांच्या ओळी. दोन मिनिटांत तिचा फोन.

"अगं, एवढे मोठे? आणि कावळे नाहीत का तिकडे?"

कावळे नाही दिसले, पण सीगल आहेत, म्हटलं. मांडवाच्या वरच्या बाजूला जाळी टाकतात.

"मग बरोबर," आई म्हणाली. "आपण पण टाकतो."