तुम्ही विचारलंत म्हणून: ते आले तर आपल्याशी कसे वागतील?

दुर्बीण मांडली की हा प्रश्न येतोच. शनीची कडी बघून होते, चंद्रावरची विवरं बघून होतात आणि मग कुणीतरी विचारतं, "सर, तिथे कोण असेल का? आणि असले तर आपलं काय करतील?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, जत्रेत विचारतात. मी बोलू लागलो की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला कुणीतरी हसून म्हणतं, "झालं, सर खाणीवर आले." म्हणून हे एकदा सलग लिहितो. खाणीवर मी येणारच आहे. का येतो, ते तरी कळू दे.

आहेत का, याचं माझं उत्तर लहान आहे. बहुधा आहेत. आपल्या एका आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत. 1995 साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला, आणि आज परग्रहांची यादी सहा हजारांवर गेली आहे. एवढ्या जागांत विचार करणारा जीव फक्त इथेच निपजला, हे माझ्या मनाला पटत नाही. पुरावा मात्र एकही नाही. फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाने 1960 साली दोन जवळच्या ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण वळवली, तेव्हापासून माणूस कान लावून बसला आहे. खात्रीने त्यांचाच म्हणावा असा आवाज अजून आलेला नाही. पृथ्वीवर जीव साडेतीन अब्ज वर्षं तरी आहेत, आणि त्यातला रेडिओ वापरणारा जीव सव्वाशे वर्षांचा. दोघे एकाच वेळी जागे असणंच अवघड. याच्या पुढे मला ताणू नका.

खरा प्रश्न दुसरा, आणि गोव्यात त्याचं उत्तर विचारणाऱ्याकडे तयार असतं: पोर्तुगीज आले तसे येतील. स्टीफन हॉकिंगनेही 2010 साली कोलंबसाचं नाव घेऊन असाच इशारा दिला होता. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा मंगेश देव कुशस्थळी सोडून नदीपलीकडे प्रियोळला कसा आला, हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, त्या घरांत हे उत्तर आधी ओठांवर येणारच. पण मला ते पुरत नाही. पोर्तुगीज मिरीसाठी आणि व्यापाराच्या वाटेसाठी आले. लिस्बनहून निघालेलं गलबत काही महिन्यांत इथे पोचत होतं. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं लांब आहे. व्हॉयेजर-1 यान ज्या वेगाने चाललं आहे, त्या वेगाने तिथवर जायला सत्तर हजारांवर वर्षं लागतील. लोखंड आणि पाणी विश्वात जागोजागी आहे. त्यासाठी एवढ्या लांब कोण येईल? शिवाय 1510 साली पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कला गोव्यावर चालून जा म्हणून सुचवणारा तिमोजा आपल्याच किनाऱ्यावरच्या होनावरचा होता. ते एका बाजूला आणि आपण सगळे दुसऱ्या बाजूला, असं तेव्हाही नव्हतं.

आता खाण.

आमचा गाव डिचोली तालुक्यातला. घरामागे डोंगराच्या कुशीत झर होती आणि तिच्या पाण्यावर आमचं कुळागर. पोफळी, थोडे माड, केळी, पोफळींवर चढवलेली मिरी. पाट उघडला की पाणी आपसूक खाली यायचं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खाण होती. तिचा परवाना पोर्तुगीज अमदानीतला. 1987 च्या कायद्याने अशा जुन्या परवान्यांची लीज झाली. आधी किंवा नंतर, गावात कुणाला काही विचारल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. पुढे चीनची मागणी वाढली आणि खाण डोंगर पोखरत आमच्या बाजूला सरकली. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की आत पाणी भरतं, आणि खनिज काढायचं तर ते रात्रंदिवस उपसावं लागतं. आजूबाजूच्या विहिरी आणि झरींचंच ते पाणी.

एका एप्रिलमध्ये आमची झर आटली. उन्हाळ्यात ती बारीक व्हायची, पण आटलेली बाबांनीही कधी पाहिली नव्हती. ते मला घेऊन खाणीच्या कचेरीत गेले. तिथला अभियंता तरुण होता, महाराष्ट्रातून आलेला. उठून त्याने बाबांना खुर्ची दिली, चहा सांगितला, टेबलावर नकाशा पसरला. डोंगराच्या उंचीची रेघन्‌रेघ त्यात होती. कुठे किती खोल बोअर घेतलं, कुठल्या थरात लोहाचं प्रमाण किती, सगळं. बाबांनी चष्मा लावला, बराच वेळ बोटाने वाट शोधली आणि एका जागी बोट ठेवलं. "ही आमची झर." तो वाकून बघू लागला आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, इथे काहीच नाही."

तो खोटं बोलत नव्हता. नकाशात तिथे काहीच नव्हतं.

संध्याकाळी तो स्वतः आमच्याबरोबर आला. पाटातल्या मातीला भेगा पडल्या होत्या, पोफळी शेंड्याकडून पिवळ्या पडत होत्या. कुळागरात पाऊल टाकताच जो गारवा लागतो, तो नव्हता. त्याने झरीच्या कोरड्या दगडाला हात लावून बघितला आणि खूप वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून टँकर सुरू झाला. टँकरने घरातले हंडे भरतात, कुळागर जगत नाही. त्याने वर पत्रही लिहिलं होतं, मला दाखवलं. चांगलं, स्पष्ट पत्र होतं. पंप थांबले नाहीत. पोफळी एकामागून एक मेल्या. नवी लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात, आणि बाबांचं वय झालं होतं. शेवटची झाडं कापली त्या दिवशी ते मला म्हणाले, "तो वाईट नव्हता रे." त्यानंतर त्या वाटेला ते गेले नाहीत.

2012 साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. खंदकात पाणी भरून राहिलं आहे. झर परत आली नाही.

आमच्या डोंगराचं खनिज मांडवीतून बार्जने मुरगावला गेलं आणि तिथून जहाजाने चीनला. त्याचं पोलाद ज्यांनी वापरलं, त्यांनी आमच्या गावाचं नावही ऐकलेलं नसणार. त्यांना आमचा राग नव्हता, आम्ही त्यांचे शत्रू नव्हतो. म्हणून परग्रहवासीयांबद्दल "ते प्रेमळ असतील की क्रूर?" असं कुणी विचारलं की मला घुसमटायला होतं. दोन्हींसाठी त्यांनी आधी आपल्याकडे बघायला हवं. आपण त्यांच्या नकाशात नसलो तर त्यांच्या स्वभावाला काय विचारायचं?

मी एकाच बाजूने बोलतो, असं म्हणणाऱ्यांसाठी हेही सांगतो. माझ्या भावाचा ट्रक त्याच खाणीवर होता, कर्ज काढून घेतलेला. माझ्या मुलीच्या कॉलेजची फी त्या पैशांतून गेली आहे. बंदी आली तेव्हा ट्रक दारात उभा राहिला आणि हप्ते चालूच राहिले. एका घरात कुळागरही होतं आणि ट्रकही. परग्रहावरून कुणी आलं, तर आपल्यातले काही जण त्यांचे ट्रक चालवतील, आणि मी त्यांना नावं ठेवू शकणार नाही.

तरुणपणी शाळाशाळांतून व्याख्यानं देताना मी वेगळं सांगायचो. जी संस्कृती लाखो वर्षं टिकली, ती स्वतःला संपवण्याच्या मोहातून पार झालेली असणार, म्हणजे शहाणी असणार, आणि शहाणी म्हणजे दयाळू. मुलं टाळ्या वाजवायची. त्या तरुण मास्तराशी माझं भांडण अजून चालू आहे. मी त्याला म्हणतो, त्या अभियंत्याला जमिनीच्या पोटातलं कळत होतं, पण वर राहणाऱ्याला विचारावं हे त्या ज्ञानातून आलं नाही. तो म्हणतो, पण विचारल्यावर तो आला ना? त्याने दगडाला हात लावला ना? मी म्हणतो, एकटा आला, पंप चालूच राहिले. तो म्हणतो, मग परग्रहवासी म्हणजे खाण कंपनी हे कशावरून धरून चाललास? इथे मी गप्प होतो. खरंच कशावरून?

या वादातून माझ्या हाती एकच आग्रह उरला होता. ऐकावं, पण आपण होऊन हाक मारू नये. 1974 साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम-13 या तारकागुच्छाकडे संदेश पाठवला, तेव्हा मार्टिन रायलसारख्या खगोलशास्त्रज्ञाने विरोध केला होता. सगळ्या पृथ्वीच्या वतीने बोलण्याआधी पृथ्वीवर कुणाला विचारलं होतं? आमच्या डोंगराच्या परवान्यासारखंच हे मला वाटायचं. पण तोच मी, परग्रहवासीयांसाठी पृथ्वीवरचे आवाज भरून व्हॉयेजरवर पाठवलेल्या तबकडीत गायिका केसरबाई केरकरांचं "जात कहाँ हो" आहे हे सांगताना भरून येतो. फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेली बाई. 5 सप्टेंबर 1977 ला व्हॉयेजर-1 निघालं, 16 सप्टेंबरला त्या गेल्या. त्यांची भैरवी आता सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर गेली आहे. ती तबकडीही कुणाला विचारून पाठवली नव्हती, आणि ती पाठवायला नको होती असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला जमत नाही.

मागच्या खेपेला अकरावीतल्या एका मुलीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, झर नकाशात नव्हती म्हणून गेली ना? मग आपण गप्प बसून नकाशाबाहेर राहायचं कशाला?"

मी तिला सांगितलं, बाबांचे अर्ज सरकारी कचेरीत पडून होते.

"पण त्या अभियंत्यापर्यंत पोचले नव्हते," ती म्हणाली.

पोचले नव्हते. तेव्हापासून हाक मारू नये असं मी पूर्वीइतक्या ठामपणे म्हणत नाही. मारावी असंही मला अजून म्हणवत नाही.