सागो लेन ते काढ्याचं मडकं : सिंगापूरचं चायनाटाऊन

चायनाटाऊनमधली माझी फेरी सागो लेनपासून सुरू होते. गल्ली दोन मिनिटांत संपते. कँटनी बोली बोलणारे चिनी लोक तिला 'मेलेल्यांची गल्ली' म्हणत. दक्षिण चीनमधून एकट्यानं आलेले हमाल, बांधकामावर राबणाऱ्या लाल डोईरुमालाच्या, तिकडच्याच सामसुई भागातल्या बायका एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत. राहत्या खोलीत कुणी मेलं तर अपशकुन मानत, म्हणून शेवटचे दिवस काढायला इथे मरणघरं होती. १९६१ साली ती बंद झाली.

आजारपणात पाठीशी उभं राहायचं ते गाववाल्यांनी. गिरणगावात गावकीच्या खोल्या असायच्या, तशी इथे एका प्रांताची, एका बोलीची मंडळं. सेरंगून रोडवरचं क्वाँग वाय शिऊ रुग्णालय १९१० साली कँटनी लोकांसाठी निघालं. आता ते सगळ्यांसाठी आहे. पण मला मोठं वाटतं ते थोंग चाय. १८६७ सालचा हा धर्मादाय दवाखाना जात-धर्म न विचारता तपासणी आणि औषध दोन्ही फुकट देत आला. नावातच 'सर्वांना सारखं' हा अर्थ आहे. यू तोंग सेन स्ट्रीटवरची १८९२ सालची जुनी वास्तू बाहेरून जरूर बघा. दवाखाना आता चिन स्वी रोडवर आहे.

वनौषधींच्या दुकानात भिंतभर लाकडी खण असतात. एका दिवसाची एक पुडी. गल्ल्यावर कागद मांडून प्रत्येक जिन्नस तोलून त्यांवर वाटत जातात. जुनं माप 'छिएन', इथे सुमारे पावणेचार ग्रॅम. चीनमधल्या आजच्या पुस्तकांत तेच ३ ग्रॅम धरतात. पुस्तक तिकडचं आणि काटा इकडचा झाला की मात्रा चुकते.

काढा मातीच्या मडक्यातच करायचा. लोखंडाशी वनस्पतींतलं तुरट द्रव्य मिसळून काढा काळा पडतो, गुणही बदलतो. औषध अर्धा तास भिजवायचं, पाणी औषधाच्या दोन बोटं वर. उकळी आली की आच मंद करून अर्धा तास, मग गाळायचं. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून वीस मिनिटं. दोन्ही काढे एकत्र करून सकाळ-संध्याकाळ निम्मे निम्मे घ्यायचे. नवखा माणूस चुकतो तो इथे : दुसरा उकळा टाळतो, नाहीतर सगळं एकदम मडक्यात लोटतो. शिंपले-खनिजं आधी वीसेक मिनिटं उकळावी लागतात आणि पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर वास आणि तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून अशा जिनसांची वेगळी छोटी पुडी बांधतात. ती उघडून मोठीत मिसळू नका.

रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन गोळी चालू असेल तर 'दांग्गुई' ही काढ्यातली मुळी नको, रक्तस्राव वाढतो. ज्येष्ठमध बऱ्याच काढ्यांत असतं. रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतं. चालू गोळ्यांची यादी वैद्यापुढे ठेवा. २००० सालच्या कायद्यानं इथे चिनी वैद्यांना नोंदणी लागते, तेव्हा प्रमाणपत्र बघायला संकोच करू नका.

पुडीबरोबर कधी कधी गुलाबी-तांबूस गोल चकत्या देतात. ते औषध नव्हे. आंबटगोड फळाच्या वड्या आहेत, कडू काढ्यानंतर तोंडात टाकायला.