एंगलवुडचे यार्ड आणि विलीनीकरणाचा अर्ज

ह्यूस्टनमध्ये राहायचे तर रेल्वेच्या फाटकापाशी थांबायची सवय करून घ्यावीच लागते. परवा अशाच एका मालगाडीचे डबे मोजू लागलो आणि शंभरी ओलांडल्यावर नाद सोडला. बहुतेक रसायनांच्या काळ्या टाक्याच होत्या.

जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक या पश्चिमेकडच्या रेल्वे कंपनीने नॉरफोक सदर्न ही पूर्वेकडची रेल्वे विकत घेण्याचा सुमारे ८५ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला, तेव्हापासून मला १९९७ सालचे ह्यूस्टन राहून राहून आठवते आहे. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणाचा निर्णय सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड घेते. न्याय खात्याने तिथे केवळ मत मांडायचे. १९९६ मध्ये युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक एकत्र येण्यास त्या खात्याने विरोध केला होता, पण बोर्डाने मान्यता दिली आणि स्पर्धा टिकावी म्हणून बीएनएसएफ या प्रतिस्पर्धी रेल्वेला सुमारे ४,००० मैलांच्या मार्गांवर आपल्या गाड्या चालवण्याचा हक्क मिळवून दिला.

कागदावर हे चोख होते. मात्र दुसऱ्याच वर्षी ह्यूस्टनमधले एंगलवुडचे यार्ड, म्हणजे मालडबे वेगवेगळे लावण्याची जागा, तुंबले. अशा यार्डात डबे एका छोट्या चढावावर ढकलून सुटे करतात आणि उतारावरून आपापल्या रुळावर घरंगळत सोडतात. पण खालचे रूळच भरलेले असले, तर नवी गाडी आत घेता येत नाही, ती बाहेर मुख्य मार्गावर अडून राहते, आणि मग तिच्यामागची. हा तुंबारा ह्यूस्टनपासून दूरवर पसरला, मेक्सिकोच्या आखाताकाठच्या रसायन कारखान्यांचा माल अडकला आणि ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी बोर्डाला आणीबाणीचा आदेश काढावा लागला.

पुढे बोर्डाने २००० मध्ये नव्या मोठ्या विलीनीकरणांना १५ महिन्यांची स्थगिती दिली आणि २००१ मध्ये नियमच बदलले: स्पर्धेचे नुकसान होणार नाही एवढे सांगून आता भागत नाही, विलीनीकरणाने ती वाढेल हे अर्जदाराने दाखवायचे. कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न यांचे २०२३ चे विलीनीकरण जुन्या नियमांखाली तपासले गेले, त्यामुळे या कठोर कसोटीचा खरा प्रयोग आताच होतो आहे. स्पर्धेबद्दल दोन्ही बाजूंचे वकील पोत्याने कागद आणतीलच. मला उत्सुकता आहे ती त्याच नियमांनी सक्तीच्या केलेल्या सेवा-हमीच्या आराखड्याची, कारण गाड्या कुठे तुंबू शकतील आणि तुंबल्यावर काय करणार, हे कंपनीला त्यात लिहून द्यावे लागते.