खंड्याचा अंगठा

आषाढातली गोष्ट. मालवण तालुक्यातल्या सड्यालगतच्या एका वाडीतून फोन आला. "डॉक्टरांनू, खंड्याच्या पायात काटो गेलो हा. पण पायाक हात लावूक देणा नाय." काकींचा आवाज रडवेला झाला होता. चार दिवस कुत्रा पुढचा उजवा पाय उचलून चालत होता आणि सारखा चाटत होता.

पडवीत खांबाला साखळीने बांधलेला, काळा, सात वर्षांचा गावठी कुत्रा. मी चार हात लांब बसलो तेव्हा शेपूट हलवली. पायाच्या दिशेने नुसता हात पुढे केला, तर पंजा पोटाखाली ओढला, ओठ चाटले, तोंड फिरवलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. एवढं दिसलं की हात मागे घ्यायचा. कुत्रा तोंडाने सांगू शकतो ते सगळं त्याने सांगून झालेलं असतं, उरतो तो चावा. रेबीजची लस वेळेवर झाली होती, हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

लांबूनच टॉर्च मारला. काटा नव्हताच. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, पंजाच्या थोडा वर असतो त्या अंगठ्याचं नख कडीसारखं पूर्ण वळून अंगठ्याच्याच गादीत रुतलं होतं. भोवतीचे केस चाटून तांबूस झाले होते आणि पुवाचा वास येत होता.

हे नख जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे कुत्रा कितीही हिंडला तरी ते झिजत नाही. बाकीची सोळा नखं जांभ्या दगडावर आपोआप घासली जातात. पण दोन वर्षांपूर्वी वाडीतलं एक कुत्रं बिबट्याने नेलं, तेव्हापासून खंड्या पडवीत बांधलेला. गुळगुळीत लाद्यांवर नख झिजत नाही. तो उभा राहिला की लाद्यांवर नखं टकटक वाजत होती. सरळ उभ्या कुत्र्याची नखं जमिनीला टेकून वाजली, तर ती वाढली आहेत असं समजावं.

पाय न देण्याचं कारणही काकींनीच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी चौघांनी दाबून धरून माणसांच्या नेलकटरने त्याची नखं कापली होती आणि रक्त आलं होतं. माणसांचा कटर चपट्या नखासाठी असतो. कुत्र्याचं गोल नख त्यात कापलं जाण्याआधी चिरडतं. त्यात आतली नस तुटली तर कळ मस्तकात जाते. खंड्याला राग नखं कापण्याचा नव्हता. धरून ठेवल्यावर दुखतं, हे तो शिकला होता.

म्हणून काम दोन भागांत केलं. रुतलेलं नख त्याच दिवशी काढणं भाग होतं. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत किडे पडतात. पण ते पुन्हा दाबून धरून करायचं नव्हतं, गुंगीचं इंजेक्शन देऊनच करायचं होतं. सकाळी नऊला तो पेज आणि माशाचं कालवण जेवला होता. भरल्या पोटी हे इंजेक्शन दिलं तर उलटी होते, आणि गुंगीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते. त्याला संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवायला सांगितलं. डोससाठी वजन हवं होतं. काजू बी मोजायचा मोठा काटा पडवीतच होता. काकींनी त्यावर नुसती वाटी ठेवली आणि तो आपणहून चढला. अठरा किलो.

पाच वाजता इंजेक्शन दिलं. गुंगीतही कळ लागली तर कुत्रा चावतो, म्हणून जाळीचं मुसकं घातलं. फडक्याने तोंड आवळलं तर त्याला धापही टाकता येत नाही आणि उलटीही बाहेर येत नाही. कुत्र्यांच्या कात्रीसारख्या कटरने नख वळणावर कापलं, मग टोक चिमट्याने आलं तसंच उलट्या दिशेने बाहेर काढलं. आत खोल भोक पडलं होतं. सलाइनने पू निघेपर्यंत धुतलं, चहासारखं फिकं केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावलं. पट्टी मुद्दाम बांधली नाही. आषाढात ती ओली होते आणि आतलं मांस कुजतं. चाटू नये म्हणून गळ्यात भोंग्यासारखी कॉलर घातली, पाच दिवस कुत्र्यांचं दुखण्याचं औषध आणि अँटिबायोटिक दिलं. माणसांची क्रोसिन, ब्रुफेन कधीही देऊ नका, हे दोनदा बजावलं.

काकींचा मुलगा म्हणाला, "आता झोपलोच हा, तर सगळीच नखां काढून टाका." मी फक्त टोकं घेतली. नख वाढतं तशी आतली नसही लांबते. आखूड करायला गेलं की ती तुटणारच, आणि जागा झाल्यावर सगळे पंजे ठणकले असते. दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की नस मागे सरकते.

काळ्या नखात नस बाहेरून दिसत नाही. पाय बाजूला न ओढता, घोड्याला नाल मारताना धरतात तसा मागे दुमडायचा. एकेका वेळी मिलिमीटरभर चकती काढायची आणि कापलेला भाग समोरून बघायचा. आधी खडूसारखा कोरडा, भुरका दिसतो. मध्यभागी ओलसर, काळपट ठिपका दिसला की थांबायचं. त्याच्या पुढे रक्तच. आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉवर दाबून दोन-तीन मिनिटं धरायचं.

सवय लावायचं काम काकींनी केलं. जखम भरल्यावर, उकडलेल्या बांगड्याचे काटे काढून, मीठ न घालता, वाटाण्याएवढे तुकडे. आधी स्पर्श, मग तुकडा. उलटं केलं तर कुत्र्याला बांगड्याचाच संशय यायला लागतो. पहिले चार दिवस फक्त खांदा. मग कोपर, मग मनगट, मग पंजावर एक सेकंद बोट. पाय ओढला की एक पायरी मागे. दोन मिनिटं झाली की बस, दिवसातून दोनदा. कटरच्या आवाजासाठी झावळीचा हीर त्याच्याशेजारी बसून कापायचा, प्रत्येक 'कट'ला एक तुकडा. ही युक्ती मला फार उपयोगी वाटते, कारण आवाज अगदी नखासारखा येतो. शिवाय एका फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून दिला. त्याखाली बांगडा ठेवला की तो पुढच्या पंजांनी खरवडतो आणि नखं स्वतःच घासतो. अंगठा मात्र त्यातही सुटतो, तो कापावाच लागतो.

पाचव्या आठवड्यात काकींनी एक नख कापलं. एकच, मिलिमीटरभर, आणि उरलेला सगळा बांगडा त्याच्यापुढे ठेवला. गणपतीच्या आधी मी गेलो तेव्हा पुढच्या दोन्ही पायांची नखं दर रविवारी दोन-दोन अशी निघत होती, दोन्ही अंगठे आखूड होते आणि गादीवर फक्त पांढरट खूण उरली होती. मागचा डावा पाय तो अजून देत नाही. तिथे अजून मांडीपर्यंतच हात पोचला आहे.